पोलंडला चाललात? मग पोलिश आपल्या मराठी तोंडानंच शिका

माझी लहान बहीण पोलंडमध्ये शिकते, व्रोत्स्वाफ नावाच्या शहरात, आणि मागच्या उन्हाळ्यात मी आईबाबांना घेऊन वीस दिवस तिच्याकडे जाऊन आलो. आमचं गाव वरूडकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. आई सातवी शिकलेली, बाबांना इंग्रजी येतं ते फवारणीच्या डब्यावर वाचण्यापुरतं. तरी तिसऱ्या आठवड्यात आई एकटी खाली दुकानात जाऊन दूध, ब्रेड घेऊन यायची. आता आपल्याकडचे पोट्टे तिकडं शिकायला, कामाला जाऊन राहिलेत, त्यांचे आईबाप कधीतरी जाणारच, म्हणून आम्ही काय काय केलं ते सगळं लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, इंग्रजी स्पेलिंग पाहून पोलिश शिकू नका, पार वाट लागते. बहिणीच्या शहराचंच नाव इंग्रजीसारखं वाचलं तर व्रोक्लॉ होतं आणि तिकडं ते कोणालाच कळत नाही. एक शंभर पानी वही घ्या, डावीकडं अर्थ, उजवीकडं देवनागरीत उच्चार, बस. आम्ही बहिणीकडून प्रत्येक वाक्य तीनदा म्हणलेला व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस मागवला आणि ऐकून ऐकून वहीत उतरवलं.

आणि हे मनापासून सांगतो, आपल्या मराठी माणसाला हे आवाज इंग्रजीवाल्यापेक्षा सोपे जातात. आपल्याकडं च दोन आहेत ना, चाकातला वेगळा आणि चहातला वेगळा, पोलिशमध्येही तेच. सी हे अक्षर साधं असलं की चाकातला च, म्हणजे किंमत म्हणजे च़ेना. त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ असली किंवा पुढं झेड आला की चहातला च. तसाच जाडातला ज वेगळा न् जेवणातला ज वेगळा. एल वर आडवी रेघ दिसली की तो ल नाही, व म्हणायचा. आपण वऱ्हाडीत डोळ्याचा डोया करतो ना, तसाच तिकडं त्या ल चा व झाला. डब्ल्यू म्हणजे आपला व, शब्दाच्या शेवटी आला की फ. जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. आणि जोडाक्षर तोडू नका, स्टेशनचं इस्टेशन करायची सवय इथं नडते. माफ करा किंवा जरा ऐका म्हणायला प्शेप्राशाम, त्यातलं प्शे एका दमात गेलं पाहिजे. आईला याच शब्दाला आठ दिवस लागले.

आता शब्द. नमस्कार म्हणजे जेन्य दोब्रि, शेवटची इ जरा घशाकडं ओढून, इ आणि अ च्या मधली. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणा, न बोलता शिरणं तिकडं बरं दिसत नाही. धन्यवाद म्हणजे जेन्कुये. प्रोशे हा शब्द तर सगळीकडं चालतो, कृपया पण तोच, हे घ्या पण तोच, आणि कोणी धन्यवाद म्हणलं तर उत्तर पण तोच.

हो म्हणजे ताक. हे बाबांना एकदा ऐकूनच पाठ झालं. नाही म्हणजे न्ये. पण बोलताना तिकडची माणसं हो ला नुसतं नो पण म्हणतात, आणि इथं आम्ही फसलो. ही बस स्टेशनला जाते का म्हणून बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, तो मान हलवत नो नो म्हणला, आम्ही पायरीवरून खाली उतरलो आणि बस गेली निघून, पुढची यायला पंचवीस मिनिटं लागली, तीही थंडीत. रात्री बहिणीनं सांगितलं की तो हो हो म्हणत होता.

अनोळखी माणसाला पान आणि बाईला पानी म्हणायचं, म्हणजे साहेब न् मॅडम. वाक्य पण आपल्यासारखंच फिरतं, आपण म्हणतो ना साहेब इंग्रजी बोलतात का, तसंच चि पान मुवी पो आंग्येल्स्कु, बाई असेल तर चि पानी. प्यायचं पाणी म्हणजे वोदा. बाटली घेताना वोदा न्येगाझोवाना असंच म्हणा, नाहीतर सोड्यासारखं गॅसवालं हातात येतं, तहानेच्या वेळी ते जीवावर येतं.

खाण्याचं नीट पाठ करा. आई माळकरी, त्यामुळं आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं: न्ये येम म्येन्सा, मी मांस खात नाही. म्येन्सो म्हणजे मांस, शब्द कानाला ओळखीचा वाटतो कारण दोन्ही भाषांचं मूळ खूप जुन्या काळी एकच आहे. पण तेवढ्यानं भागत नाही, सूप वरून भाजीचं दिसलं तरी खाली मांसाचं पाणी असू शकतं, ते वेगळं विचारावं लागतं. प्येरोगी रुस्क्ये नावाच्या उकडलेल्या करंज्या मिळतात, आत बटाटा, पनीरसारखं चीज आणि कांदा, आईला फार आवडल्या, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकायची पद्धत आहे, म्हणून ऑर्डर देतानाच बेझ स्क्वारेक म्हणायचं. स्वस्तात खायचं तर बार म्लेच्नि शोधा, नावात बार असला तरी दारूचा नाही, साध्या जेवणाची खानावळ आहे. चहा दुधाचाच पाहिजे असेल तर हेर्बाता झ म्लेक्येम.

आकडे येदेन, द्वा, त्शि, च्तेरि, प्येंच. आपले दोन, चार, पाच त्यात दिसतातच. शंभर म्हणजे स्तो. पण खरं सांगू का, केवढ्याला हे विचारायला इले तो कोश्तुये सोपं आहे, समोरून येणारं उत्तर कळणं अवघड, तेव्हा लगेच कागद पुढं करून प्रोशे नापिसाच म्हणा, लिहून द्या. आणि हॉटेलात मोठी नोट देताना जेन्कुये म्हणू नका, उरलेले ठेवून घ्या असा त्याचा अर्थ होऊ शकतो. सुटे हातात आले की मग म्हणा.

हरवलो तर पुरुषानं झ्गुबिवेम श्ये म्हणायचं, बाईनं झ्गुबिवाम श्ये, आपल्या हरवलो-हरवले सारखं. रेल्वे स्टेशनवर पेरोन म्हणजे प्लॅटफॉर्म आणि तोर म्हणजे रूळ, दोन्ही आकडे पाहा, सुटणाऱ्या गाड्यांचा कागद पिवळा असतो. संडासाच्या दारावर त्रिकोण पुरुषांचा, गोल बायांचा. रविवार म्हणजे न्येज्येला, त्या दिवशी बहुतेक मोठी दुकानं बंद, सामान शनिवारीच आणा. अडचणीत फोन 112.

सराव कसा करायचा? जायच्या दोन महिने आधी सुरू करा, पंधरा-वीस वाक्यांच्या वर जाऊ नका. रात्रीच्या लाइटवर ओलीत करायला बाबा वावरात जायचे तेव्हा कानात ते व्हॉइस लावून, दांडात पाणी फिरवता फिरवता मोठ्यानं म्हणायचे, घरी लाजायचे पण वावरात आवाज मोकळा निघायचा. आईचा सराव भाकरी थापताना. मी समोर बसून दुकानदार व्हायचो आणि मुद्दाम भराभर बोलायचो, मग ती म्हणायची न्ये रोझुम्येम, समजलं नाही. हे वाक्य न घाबरता तोंडातून निघालं की बाकीचं जमतं.

निघताना म्हणायचं दो विद्झेन्या, त्यातला द्झ जाडातल्या ज सारखा, जेवणातल्या ज सारखा नाही.