अलिबागचं रात्रीचं जेवण: फोन दुपारीच लावा

शनिवारी ठाण्याहून अलिबागला गेलात की रात्री साडेआठला खानावळींबाहेर ही गर्दी, आणि नंबर लागेपर्यंत सुरमई संपलेली.

वडखळला चहाला थांबाल तेव्हाच एखाद्या घरगुती खानावळीला फोन करा.

१. ‘आज ताजं काय आलंय?’ विचारा. मेनूकार्डावर जाऊ नका.
२. थाळ्या किती, तुकड्या किती, तेव्हाच सांगा. तांदळाच्या भाकऱ्याही मोजून सांगा, नाहीतर शेवटी नुसत्या भातावर भागवावं लागतं.
३. साडेसातलाच जाऊन बसा. तुकडी तव्यावरून थेट ताटात येते, रवा अजून कुरकुरीत असतो.

पापलेटपुढे ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलं असेल तर नगाचा भाव आधी विचारा. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा सरळ सोडे (सुकवलेली कोळंबी) नाहीतर गावठी कोंबडी सांगा.