अ‍ॅस्टेरिस्कचा मॅनेजर ब्राउझरमध्ये कसा उघडायचा

अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवरचा टेलिफोन सर्व्हर एकदा नीट चालायला लागला की रोजचे प्रश्न अगदी बारीक असतात. आत्ता किती कॉल चालू आहेत? सर्व्हर शेवटचा कधी सुरू झाला? एवढ्यासाठी दर वेळी टर्मिनल उघडायचा कंटाळा येतो. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये यासाठी ब्राउझरची वाट आधीपासूनच आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही, फक्त ती वाट मुळात बंद असते.

आधी रचना समजून घेऊ. अ‍ॅस्टेरिस्कचा मॅनेजर इंटरफेस, म्हणजे एएमआय (बाहेरच्या प्रोग्रॅमने सर्व्हरला प्रश्न विचारायची आणि आदेश द्यायची सोय), ५०३८ या पोर्टवर साध्या मजकुरात बोलतो. ही भाषा ब्राउझरला येत नाही. म्हणून अ‍ॅस्टेरिस्कच्या पोटातच एक छोटा एचटीटीपी सर्व्हर आहे, त्याचा नेहमीचा पोर्ट ८०८८. आपल्याला हे दोन्ही चालू करून एकमेकांशी जोडून द्यायचे आहेत. दोन्हींच्या फाइली वेगळ्या आहेत, आणि बहुतेकांची गाडी अडते ती त्यातली एकच बदलल्यामुळे.

(खालच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फाइलमध्ये त्या रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.)

पहिली फाइल: एचटीटीपी डॉट कॉन्फ

ही ईटीसीमधल्या अ‍ॅस्टेरिस्क फोल्डरमध्ये सापडेल. आधी तिची प्रत काढून ठेवा. मग जनरल या विभागात एवढं हवं:

एनेबल्ड = येस
बाइंडअ‍ॅडर = १२७.०.०.१
बाइंडपोर्ट = ८०८८

दुसरी ओळ महत्त्वाची. १२७.०.०.१ म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःचंच ऐकेल, बाहेरून कुणी दार ठोठावलं तरी उत्तर देणार नाही. बरेच जण इथे सगळी शून्यं लिहून मोकळे होतात, कारण मग लगेच कुठूनही उघडतं. पण ते 'कुठूनही' सगळ्या जगाला लागू होतं. आपण आपल्यासाठी दुसरा मार्ग काढणार आहोत, तो पुढे येईलच.

दुसरी फाइल: मॅनेजर डॉट कॉन्फ

इथेही जनरल विभाग:

एनेबल्ड = येस
वेबएनेबल्ड = येस
पोर्ट = ५०३८
बाइंडअ‍ॅडर = १२७.०.०.१

वेबएनेबल्ड ही ती जोडणारी ओळ. नमुन्याच्या फाइलमध्ये तिच्या आधी सेमीकोलन असतो, आणि अ‍ॅस्टेरिस्कच्या फाइलींत सेमीकोलन म्हणजे टिप्पणी, ती ओळ वाचलीच जात नाही. मी एकदा 'नो'चं 'येस' केलं, सेमीकोलन तसाच ठेवला आणि अर्धी संध्याकाळ फायरवॉलला शिव्या देत बसलो.

आता त्याच फाइलच्या शेवटी वापरकर्ता तयार करायचा. चौकोनी कंसात त्याचं नाव, आणि खाली:

सीक्रेट = लांबलचक पासवर्ड
डिनाय = ०.०.०.०/०.०.०.०
परमिट = १२७.०.०.१/२५५.२५५.२५५.२५५
रीड = रिपोर्टिंग
राइट = रिपोर्टिंग

आधी सगळ्यांना नकार, मग फक्त स्थानिक पत्त्याला परवानगी, असा हा क्रम आहे.

रीड आणि राइटचा अर्थ वाटतो तसा नाही. 'मला नुसतं बघायचंय, राइट कशाला?' म्हणून ती ओळ रिकामी ठेवली, तर चालू कॉलची यादीसुद्धा मिळत नाही. मॅनेजरकडून आपोआप येणाऱ्या घटना रीडच्या ताब्यात असतात, आणि आपण होऊन काहीही विचारलं, अगदी यादी मागितली तरी, ते राइटच्या ताब्यात. म्हणून नुसतं बघण्यासाठीही राइटमध्ये रिपोर्टिंग लागतं.

पण राइटमध्ये 'ऑल' लिहू नका. ओरिजिनेटचा अधिकार असलेला माणूस तुमच्या सर्व्हरवरून बाहेर कॉल लावू शकतो, कॉन्फिगचा असलेला सेटिंगच्या फाइली बदलू शकतो, आणि कमांडचा असलेल्याला अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवरचे आदेश देता येतात. यातलं लागेल तेव्हा लागेल तेवढंच वाढवा.

फ्रीपीबीएक्स (अ‍ॅस्टेरिस्क वेबपानांवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर मॅनेजर डॉट कॉन्फला हात लावू नका, ते ती फाइल पुन्हा स्वतःच लिहितं. आपला वापरकर्ता मॅनेजर अंडरस्कोर कस्टम डॉट कॉन्फमध्ये घाला. एचटीटीपीची सेटिंग तिथे अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये मिळतात.

बदल लागू करणं

अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'मॉड्यूल रिलोड एचटीटीपी' आणि मग 'मॉड्यूल रिलोड मॅनेजर'. रीस्टार्टची गरज नाही. 'कोअर रीस्टार्ट नाऊ' दिलंत तर चालू कॉल तुटतील.

त्यानंतर 'एचटीटीपी शो स्टेटस' द्या. सर्व्हर चालू असल्याचं दिसेल आणि खाली पत्त्यांची यादी येईल. त्यात मॅनेजर, रॉमॅन आणि एमएक्सएमएल हे तिन्ही दिसले की जोडणी झाली. तिघांमागे मॅनेजर एकच आहे, उत्तराचा साचा तेवढा वेगळा: पहिला वेबपान देतो, दुसरा साधा मजकूर, तिसरा एक्सएमएल.

आपल्या संगणकावरून पोचणं

सर्व्हर स्वतःपुरताच ऐकतोय, मग आपण पोचायचं कसं? एसएसएच टनेलने, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून तिच्यातूनच ब्राउझरला त्याच्या पोर्टपर्यंत नेऊन. आपल्या संगणकावर:

एसएसएच -एल ८०८८:१२७.०.०.१:८०८८ वापरकर्ता@सर्व्हर

यातला 'एल' कॅपिटल. ही खिडकी उघडी ठेवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८०८८, तिरकी रेघ, मॅनेजर असा पत्ता टाका. एक अगदी ओबडधोबड पान येईल: अ‍ॅक्शनची यादी, शेजारी मोकळी चौकट, खाली युजर आणि पास. यादीतून लॉगिन निवडा, नाव-पासवर्ड भरा आणि सबमिट करा. 'ऑथेंटिकेशन अ‍ॅक्सेप्टेड' आलं की तुम्ही आत. मग मोकळ्या चौकटीत 'कोअरस्टेटस' लिहून पाठवा (यादीतलं लॉगिन काढून तिथली रिकामी ओळ निवडायला विसरू नका). सर्व्हर सुरू झाल्याची तारीख, वेळ आणि चालू कॉलची संख्या समोर येईल. 'कोअरशोचॅनल्स' लिहिलंत तर चालू चॅनेलची यादी.

लॉगिनची माहिती थेट पत्त्यातच लिहूनही हे जमतं, पण मग पासवर्ड ब्राउझरच्या इतिहासात राहतो. फॉर्मच वापरा.

मिनिटभर काही न करता थांबलात तर पुन्हा लॉगिन करावं लागेल. हा बिघाड नव्हे, एचटीटीपीटाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. मॅनेजर डॉट कॉन्फमध्ये तो वाढवता येतो.

उघडलं नाही तर

ब्राउझर काय म्हणतो ते नीट वाचा. जोडणीच नाकारली गेली, तर टनेल बंद आहे किंवा पहिली फाइल चुकली आहे. ४०४ आलं, तर एचटीटीपी सर्व्हर जिवंत आहे, पण मॅनेजर त्याला जोडलेला नाही, म्हणजे वेबएनेबल्ड बघा. तीही बरोबर असेल तर पहिल्या फाइलमध्ये 'प्रीफिक्स' नावाची ओळ आहे का ते पाहा. तिथे जो शब्द असेल तो पत्त्यात मॅनेजरच्या आधी घालावा लागतो. पान उघडलं, लॉगिनही झालं, पण विचारलेल्या गोष्टीला 'परमिशन डिनाइड' आलं, तर राइटची ओळ अपुरी आहे. 'मॅनेजर शो युजर' आणि पुढे नाव लिहिलंत की त्या वापरकर्त्याला नेमके कोणते अधिकार आहेत ते कन्सोलवरच दिसतं.

टनेल नकोच असेल आणि नेटवर्कमधल्या इतरांनाही हे पान द्यायचं असेल, तर एचटीटीपी डॉट कॉन्फमध्ये टीएलएसएनेबल (एन्क्रिप्टेड, म्हणजे सुरक्षित जोडणी) चालू करा, टीएलएसबाइंडअ‍ॅडरमध्ये सर्व्हरचा आतल्या नेटवर्कवरचा पत्ता आणि ८०८९ पोर्ट द्या आणि टीएलएससर्टफाइलला प्रमाणपत्राची फाइल दाखवा. वापरकर्त्याच्या परमिटमध्येही त्या नेटवर्कचा पत्ता वाढवावा लागेल. साधा ८०८८ मात्र तेव्हाही १२७.०.०.१ वरच राहू द्या.