डोंगराला भेग पडली? मग या चुका टाळा

दर जूनअखेर मला तोच फोटो येतो. डोंगराच्या उतारावर पडलेली भेग, लांबी कळावी म्हणून तिच्याशेजारी ठेवलेली चप्पल आणि खाली प्रश्न: "बुजवायला किती सिमेंट लागेल?" हा प्रश्न वाचला की पोटात गोळा येतो.

भेग लगेच बुजवणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक आहे. उन्हाने काळी जमीन भेगाळते ती जाळ्यासारखी, सगळीकडे. दरडीची भेग वेगळी असते. ती उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं खाली वळलेली. तिच्या खालच्या अंगाची जमीन वरच्या अंगापेक्षा खचलेली दिसली, तर डोंगर सुटायला लागलाय. सह्याद्रीत तळाशी बेसाल्टचा कातळ, त्यावर कुजलेल्या खडकाचा मुरूम आणि वर माती. मुरलेलं पाणी मुरूम आणि कातळाच्या सांध्यावर येऊन अडतं. तिथला दाब वाढत गेला की कातळावरची पकड सुटते. भेग ही त्या सुटण्याची खूण असते आणि आणखी पाणी आत शिरायची वाटही तीच.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. आठवडाभर आधी शहरातून आलेल्या मुलांनी ड्रोन उडवला, फोटो काढले आणि श्रमदानाने दोन तासांत भेग दगडमातीने ठासून भरली. मनापासून केलं होतं, काम चोख होतं. इतकं चोख, की भेग कुठून कुठे गेली होती हे वाडीत कुणालाच नक्की सांगता येईना. रुंदी मोजलेली नव्हती, टोकांना खूण नव्हती. भेग वाढतेय की थांबलीय, एवढंच जाणून घ्यायचं होतं आणि तेच मातीखाली गेलं होतं.

वाट दाखवली ती गुरं राखणाऱ्या एका आजींनी. "गोठ्यामागचा उपळ यंदा खाली सरकून फुटलाय, आन् पाणी गढूळ येतंय," त्या म्हणाल्या. उपळ म्हणजे जमिनीतून फुटणारा पावसाळी झरा. तो दर पावसाळ्यात ठरल्या जागी फुटतो आणि नितळ वाहतो. जागा बदलून गढूळ पाणी येतंय म्हणजे आत काहीतरी सरकलंय आणि पाणी माती घेऊन बाहेर पडतंय. आजींच्या गोठ्यावरून सरळ वर चढत गेलो, भेगेची जागा अंदाजाने धरली आणि खुंट्यांच्या सहा जोड्या ठोकल्या. दुसऱ्या सकाळी अंतर चार बोटं वाढलेलं, तिसऱ्या सकाळी वीतभर. अकरा घरं उताराच्या वाटेबाहेरच्या शाळेत हलवली. त्याच रात्री उतार पुरुषभर खचला. दोन गोठे आणि खालची खाचरं गाडली गेली. माणसं शाळेत होती.

म्हणून माझी सवय सांगतो. पिशवीत खुंट्या, खिळे, सुतळी, टेप आणि ऑइल पेंटचा डबा. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या, डोक्यावर खिळा, खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर रोज त्याच वेळी मोजून वहीत तारखेसह. टोकांना रंगाच्या खुणा. एवढं झाल्यावर मगच चिकणमाती दाबून भेग बंद करा, वर प्लास्टिक अंथरा आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवा. भिंतीच्या तड्यावर सिमेंटची पातळ पट्टी आडवी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. ड्रोनला माझा विरोध नाही, पण डोंगर आधी पायाने बघावा. मे महिन्यात, गवत वाळलेलं असताना, गुराख्याला बरोबर घेऊन.

दुसरी चूक ऐकली की मला खरोखर राग येतो: "आमचं गाव धोक्याच्या यादीत नाही." खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडीही यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. यादी कागदावर असते, पाणी तुमच्या परसात मुरत असतं. घरामागचा खांब कलला, दाराची चौकट अचानक अडायला लागली, उताराच्या पायथ्याशी जमीन फुगली, सरळ वाढलेली झाडं खाली झुकली, तर यादी बाजूला ठेवा.

बाकीच्या थोडक्यात.

पाऊस उघडला म्हणजे सुटलो, असं नाही. मुरलेलं पाणी नंतरही सांध्याकडे उतरत राहतं.

ओढा भर पावसात अचानक आटला तर बघायला वर जाऊ नका. वर माती येऊन तो अडलेला असू शकतो आणि तो बांध फुटला की सगळं एकदम खाली येतं. ओढ्यापासून लांब व्हा.

जेसीबी लावून डोंगराचा पाय कापून घर बांधू नका. स्वस्तात जागा निघते, पण वरचं सगळं वजन त्या पायावरच उभं असतं. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला दीडशेच्या वर माणसं गेली, तेव्हा उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावरही बोट ठेवलं गेलं. तेच काम मी अजून वाडीवाडीत बघतो.

दरड येताना दिसली तर खाली पळू नका, आडवे पळा.

आता जमीन एकाएकी खाली बसते त्याबद्दल. चुनखडीच्या प्रदेशात पाणी खडकच विरघळवतं, आत पोकळी होते आणि एक दिवस छत कोसळतं. आपल्या बेसाल्टमध्ये तसं होत नाही. आपल्याकडे बहुतेकदा जुनी विहीर असते, नाहीतर गळकी वाहिनी. जून २०२१ मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत पार्किंगमधली गाडी बघता बघता जमिनीत गेली. खाली विहीर होती, तिच्यावर काँक्रीट टाकलेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात टपाल कार्यालयाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक खड्ड्यात गेला.

इथली चूक म्हणजे खड्ड्यात राडारोडा ढकलून वर फरशी बसवणं. गळती चालू असली तर पाणी तो भरावही धुऊन नेतं आणि पुढच्या पावसाळ्यात खड्डा मोठा होऊन परत येतो. आधी पाणी कुठून येतं ते शोधा, वाहिनी दुरुस्त करा. मग तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी, वाळू आणि सगळ्यात वर चिकणमाती, थर दाबत दाबत. गोलाकार तडा, पोकळ वाजणारी फरशी, पाऊस नसताना ओली राहणारी जागा दिसली की आधी गाड्या हलवा. विहीर बुजवलेली जागा तर सोसायटीच्या नकाशावर लिहूनच ठेवा. दहा वर्षांनी ती कुणाला आठवत नाही.

आणि वाडीतल्या लोकांनी हे जून लागायच्या आत ठरवावं: गुरं कुठे बांधायची. रात्री माणसं घर सोडत नाहीत ती बहुतेक वेळा गोठ्यापायी. त्या वाडीत आम्ही पहिल्या दिवशी घरांना हात लावला नाही, आधी गुरं शेजारच्या वाडीत नेली. मग माणसं आपणहून शाळेत आली.