युक्रेनमधल्या खेड्याचा भूगोल आणि इतिहास कसा लिहावा: त्रिपिल्ल्याचे उदाहरण

युक्रेनमधल्या एखाद्या लहान गावाविषयी लिहायला घेतले की पहिली अडचण येते ती नावाचीच. कीव्हच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, नीपर नदीच्या उजव्या काठी वसलेले त्रिपिल्ल्या हे गाव उदाहरणादाखल घेऊ. युक्रेनीत ते त्रिपिल्ल्या, रशियन कागदपत्रांत त्रिपोल्ये, मध्ययुगीन इतिवृत्तात त्रेपोल. आणि घाईघाईने शोध घेतला तर लिबियाची राजधानीच समोर येऊन उभी राहते. म्हणून कामाला बसण्यापूर्वी नावाची सगळी रूपे सिरिलिक लिपीत लिहून जवळ ठेवावीत. रशियनमधला ‘ग’ युक्रेनीत बहुधा ‘ह’ होतो, त्यामुळे शेजारची नदी एका नकाशावर स्तुग्ना असते, तर दुसऱ्यावर स्तुहना. २०२० मध्ये देशातील ४९० जिल्ह्यांची पुनर्रचना होऊन १३६ जिल्हे उरले, तेव्हा त्याआधीच्या मजकुरातला जिल्हा तपासल्याशिवाय उतरवून घेऊ नये.

इतिहासाला हात घालण्याआधी नकाशे पाहावेत, आणि तेही निदान दोन काळांतले. एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी नकाशावर इंचाला तीन व्हेर्स्ट (अंतर मोजण्याचे जुने रशियन एकक), म्हणजे एकूण सुमारे ३.२ किलोमीटर, असे प्रमाण असते. तो आजच्या नकाशाशेजारी ठेवला की नीपरचे पात्र किती बदलले हे लगेच ध्यानात येते, कारण १९७०च्या दशकात कानिव्ह धरणाचा जलाशय भरला आणि काठची सखल कुरणे पाण्याखाली गेली. उंच काठ, त्यात पाण्याने कोरलेल्या घळी, वर काळी सुपीक माती, आणि जवळच नीपरला मिळणारी स्तुहना: एवढे नीट समजले तरी पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. १०९३ मध्ये येथे कुमान या भटक्या टोळ्यांच्या घोडेस्वारांनी कीव्हच्या राजपुत्रांचा पराभव केला, तेव्हा पळताना त्यांच्यातला तरुण रोस्तिस्लाव्ह बुडाला तो याच स्तुहनेत. एरवी लहान दिसणारी ही नदी त्या वेळी पुराने फुगली होती, असे इतिवृत्तच सांगते.

जमिनीखालच्या पुराव्यासाठी मात्र संयम हवा. चेक वंशाच्या विकेंती ख्वोइका यांनी १८९०च्या दशकात या परिसरात उत्खनन केले आणि १८९९ च्या कीव्हमधील पुरातत्त्व परिषदेत आपले शोध मांडले; त्यातून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. त्यांना सापडले होते भाजलेल्या मातीचे थर. त्या ढेकळांवर कोंड्याचे आणि लाकडांचे ठसे उमटलेले असतात. ख्वोइकांना त्या जागा मृतांसाठीच्या वाटल्या, पण पुढे ती जळालेली राहती घरे ठरली. तेव्हा वस्तू आणि तिचा अर्थ यांची नोंद वेगवेगळी करावी. हे प्राचीन लोक म्हणजे आजच्या गावकऱ्यांचे थेट पूर्वज, हा दावा तर मुळीच करू नये. मध्ये हजारो वर्षे आहेत आणि त्या लोकांनी लिखित असे काही मागे ठेवलेले नाही.

सरहद्दींच्या बाबतीत ठोकताळे फसवतात. नीपरच्या उजव्या काठचा बहुतेक प्रदेश १७९३ पर्यंत पोलंडकडे होता, म्हणून त्रिपिल्ल्याही तसेच असणार असे वाटते. प्रत्यक्षात १६८६ च्या तहाने कीव्हसोबत हे गाव रशियाकडे राहिले. जन्म, विवाह आणि मृत्यू यांसाठी चर्चच्या नोंदवह्या पाहाव्यात. १९१८ पूर्वीच्या तारखा जुन्या (ज्युलियन) दिनदर्शिकेच्या असतात; आजच्या दिनदर्शिकेतली तारीख काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ आणि विसाव्या शतकातल्या तारखेत १३ दिवस मिळवावेत.

सोव्हिएत काळात युक्रेनच्या शहरांचा आणि गावांचा इतिहास २६ खंडांत निघाला. तो उपयोगी आहे, पण त्यात १९३२-३३ चा भीषण दुष्काळ शोधून सापडणार नाही. १९१९ च्या उन्हाळ्यात त्रिपिल्ल्यात कीव्हहून आलेल्या तरुण कम्युनिस्टांच्या तुकडीचा संहार झाला. सोव्हिएत वृत्तांतात ते हुतात्मे आणि त्यांना मारणारा झेलेनी हा डाकू. झेलेनी, म्हणजे दानिलो तेर्पिलो, हा मात्र याच गावचा सुपुत्र होता, आणि युक्रेनच्या स्वातंत्र्यानंतरच्या लेखनात तोच बंडखोर नायक झाला. अशा ठिकाणी एक बाजू पुसून टाकू नये. दोन्ही वृत्तांत शेजारी शेजारी द्यावेत, आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या वर्षी लिहिला गेला ते नोंदवावे.