कार्बोरेटर घरी ट्यून करताय? या चुका टाळा

सकाळी चोकशिवाय गाडी उठत नाही, सिग्नलला बंद पडते, अ‍ॅव्हरेज घसरलं, की पहिला हात जातो कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) मिक्श्चर स्क्रूवर. बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात. हा स्क्रू फक्त स्लोवर (रेस न देता इंजिन चालतं त्या वेगावर) आणि थ्रॉटल (रेस) जेमतेम पाव उघडेपर्यंतच मिश्रण ठरवतो. त्यापुढे काम नीडलचं (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई), आणि पूर्ण थ्रॉटलला मेन जेटचं (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक). साठच्या वेगात गाडी मिसिंग करत असेल, तर हा स्क्रू दिवसभर फिरवला तरी ते मिसिंग जाणार नाही.

पुढचं सगळं १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल आहे. स्प्लेंडर, पॅशन, शाइन, पल्सर १५० वगैरे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं, त्यांना यातलं काही लागू नाही.

स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

आधी एअर फिल्टर बघा. तो कोंदला असेल तर हवा कमी मिळते आणि मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होतं. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून परत वापरता येतो. कागदाचा मात्र बदलायचाच, धुवायचा नाही. फिल्टर काढून किंवा बॉक्सचं झाकण उघडं ठेवून केलेली सेटिंग झाकण लावताच बिघडते, कारण हवेचं प्रमाणच बदलतं.

मग प्लगचा गॅप (मॅन्युअल बघा, बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.८ मिमीच्या दरम्यान) आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप ठरवणारा भाग). टॅपेट घट्ट झाले की स्लो डळमळतो आणि गरम गाडी लवकर सुरू होत नाही. दोष मात्र कार्बोरेटरच्या नावावर लागतो. टॅपेटचा गॅप इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने मोजा. थ्रॉटल केबलला मुठीपाशी २ ते ६ मिमी मोकळीक हवी. गाडी स्लोवर ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आरपीएम चढला तर केबल ताणली जातेय. आधी ती सोडवा.

गाडी हवा घेते, आणि स्क्रू बिचारा फिरत राहतो

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर कुठलीही सेटिंग टिकत नाही. खूण अशी: रेस देऊन सोडली तरी आरपीएम वरच रेंगाळतो आणि हळूहळू खाली येतो. स्लोवर असताना जोडावर थोड्या पाण्याचा फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. कार्ब क्लीनरनेही हे कळतं, पण तो ज्वालाग्राही असतो आणि सायलेन्सर शेजारीच तापलेला असतो, म्हणून पाणीच बरं.

गळती दिसली की लोक फ्लँजचे (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या चपट्या कडेचे) नट जोर लावून आवळतात. त्याने फ्लँज दोन्ही टोकांना वाकते, मधे फट पडते आणि गळती वाढते. कार्बोरेटर काढून फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर फ्लँज वाकलेली आहे. ती सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सरळ होते. चपटा झालेला ओ-रिंग नवा घाला आणि दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

स्क्रू कुठल्या बाजूला आहे, ते आधी बघा

स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल (यामाहा आरएक्स १०० मध्ये असतो तसा) तर तो हवा नियंत्रित करतो. आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी). इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचं मिश्रण सोडतो, आणि हिशोब बरोबर उलटा होतो. आत लीन, बाहेर रिच. मित्राच्या गाडीचा सल्ला आपल्या गाडीवर उलटा पडतो तो यामुळेच.

काढण्याआधी स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. टेकला की थांबा. स्क्रूचं टोक सुईसारखं असतं. आवळलं तर त्यावर खाच पडते किंवा ते मोडून बॉडीतच अडकतं, आणि मग कार्बोरेटरच बदलावा लागतो. काढताना स्प्रिंग, वॉशर आणि छोटा ओ-रिंग याच क्रमाने निघतात. ओ-रिंग अनेकदा भोकातच चिकटून राहतो आणि लक्षात येत नाही.

सेटिंग गरम इंजिनवरच

थंड इंजिनवर लावलेला स्लो गाडी तापली की चढतो. दहा मिनिटं गाडी चालवून आणा, चोक पूर्ण बंद आहे ना ते बघा. मग:

१. मिक्श्चर स्क्रू मॅन्युअलमधल्या फेऱ्यांवर ठेवा. मॅन्युअल नसेल तर टेकल्यापासून दीड ते दोन फेरे बाहेर.
२. आयडल स्क्रूने स्लो १,४०० आरपीएमच्या आसपास आणा. मीटरला टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो.
३. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, दर वेळी पाच-दहा सेकंद थांबा आणि आरपीएम सर्वात वर जातो ती जागा शोधा.
४. आयडल स्क्रूने परत १,४०० वर आणा आणि तिसरी पायरी एकदा पुन्हा करा.

आता झटकन रेस देऊन सोडा. आरपीएम स्लोच्याही खाली बुडी मारून वर आला तर मिश्रण रिच आहे. वर लटकला तर लीन, तेव्हा पाव फेरा दुरुस्ती करा. उभ्या गाडीला वारा लागत नाही, म्हणून काम लांबलं तर समोर पंखा लावा.

इंजिनच्या बाजूचा स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिनात काहीच फरक पडत नसेल, तर फिरवणं थांबवा. एकतर पायलटची (स्लोचं पेट्रोल येण्याची) वाट कोंदलीय, किंवा आयडल स्क्रू इतका चढवलाय की थ्रॉटल उघडाच राहून पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय.

सफाईतल्या चुका

पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, आणि जेट पितळेचा. त्यात टाचणी किंवा स्टीलची तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. क्लीनरमध्ये भिजवा, हवेचा प्रेशर मारा. अगदीच हट्टी कचरा असेल तर वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा वापरा. उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

पल्सरसारख्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये (यात स्लाइड इंजिनाच्या खेचीने उचलली जाते) वर रबरी डायफ्रॅम असतो. क्लीनर मारण्याआधी तो आणि सगळे ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर फुगतात. डायफ्रॅमला टाचणीएवढं भोक पडलं तरी पिकअप जातो. बॉडीवर इलेक्ट्रिक कनेक्शन असलेला थ्रॉटल सेन्सर असेल तर त्याचे स्क्रू सोडवू नका.

अ‍ॅव्हरेजसाठी लीन करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जास्त लीन गाडी तापते, उचलताना अडखळते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट करते (सायलेन्सरचं गॅस्केट गळत असेल तरी तोच आवाज येतो, तेही तपासा). अ‍ॅव्हरेज कमी असेल तर टायरमधली हवा, चिकटलेले ब्रेक, घसरणारा क्लच आधी बघा.

पावसाळ्यात पाणी, एरवी ओव्हरफ्लो

पाऊस झाल्यावर गाडी अचानक मिसिंग करायला लागली तर फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. टाकीतही असेल, म्हणून कॉकमधूनही (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळातून) थोडं काढून बघा. खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई किंवा तिची सीट झिजलीय, नाहीतर त्यात कचरा अडकलाय. काम होईपर्यंत कॉक ऑफ ठेवा आणि रात्रभर ठिबकलं असेल तर इंजिन ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करण्याआधी ऑइल बदला.