विद्यार्थी अधिवेशनातील छायाचित्र स्पर्धा: प्रवेशिका कशी तयार करावी

अॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन, म्हणजेच ए.सी.ई., हा अभ्यासक्रम डोनाल्ड आणि एस्थर हॉवर्ड या दांपत्याने १९७० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुरू केला. या शाळांतील मुले ‘पेस’ नावाच्या पुस्तिका आपापल्या गतीने सोडवतात आणि सुपरवायझर त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात. एरवी आपापल्या टेबलाशी एकेकटे बसून काम करणारी ही मुले विद्यार्थी अधिवेशनात एकत्र येतात आणि संगीत, वक्तृत्व, खेळ, चित्रकला यांबरोबर छायाचित्रणातही स्पर्धा करतात. आधी प्रादेशिक अधिवेशन आणि तेथे पात्र ठरल्यास आंतरराष्ट्रीय अधिवेशन, असा हा क्रम असतो.

तयारीची सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता नियमपुस्तिकेपासून करावी. चालू वर्षाची पुस्तिका मिळवून छायाचित्रणाचे पान विद्यार्थ्याने स्वतः, पेन्सिल हातात घेऊन वाचावे आणि वयाची अट, प्रवेशिकांची कमाल संख्या, छायाचित्र केव्हा काढलेले असावे, प्रिंटचा आकार, पाठीमागे लावायची माहिती आणि सोबतचे फॉर्म या सहा गोष्टींवर खुणा कराव्यात. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबू नये. उत्तम छायाचित्र केवळ एक सही राहून गेल्यामुळे मागे पडते, तेव्हा त्या मुलाचा चेहरा पाहवत नाही.

त्यानंतर विभाग निवडावा. निसर्गदृश्य, वनस्पती, प्राणी, स्थिर वस्तू असे विषय असतात आणि रंगीत व एकरंगी (कृष्णधवलसारख्या, एकाच रंगाच्या छटांतील) छायाचित्रांचा विचार वेगवेगळा होतो. मोबाइलमधले जुने फोटो चाळून ‘हा कुठे बसेल’ असे शोधण्यापेक्षा विभाग आधी ठरवून त्यासाठीच बाहेर पडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकरंगी छायाचित्रासाठी तर हे फारच आवश्यक आहे, कारण तांबडे फूल आणि हिरवे पान रंगात कितीही उठून दिसले, तरी रंग काढून टाकल्यावर दोन्ही एकाच राखाडी छटेची होऊन एकमेकांत मिसळू शकतात. तेथे प्रकाश तिरका हवा आणि पृष्ठभागाला पोत हवा. विटांची भिंत, सुतळीचे भेंडोळे, झाडाची साल यांवर सकाळचे कोवळे ऊन पडले की छायाप्रकाशाचा खेळ आपोआप दिसू लागतो.

सर्वांत कठीण आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा विषय म्हणजे गुणदर्शन. ए.सी.ई.च्या पुस्तिकांमधून येशूच्या स्वभावातील साठ गुणांची ओळख करून दिली जाते. त्यांपैकी एखादा गुण छायाचित्रातून दाखवायचा असतो. अशा वेळी बहुतेक मुले जोडलेले हात आणि उघडे बायबल मांडतात, आणि परीक्षकांसमोर तशी अनेक छायाचित्रे येतात. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘चिकाटी’ हा गुण निवडला आणि जाळे दुरुस्त करणाऱ्या एका कोळी आजोबांजवळ, त्यांची परवानगी घेऊन, तासभर बसून राहिली. तिने त्यांचा चेहरा घेतलाच नाही. पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला जाळ्याचा धागा, बोटांत धरलेली सुई आणि मागे पसरलेला, अजून दुरुस्त व्हायचा असलेला ढीग एवढेच त्या चौकटीत होते. खाली शब्द लिहिला नसता, तरी गुण ओळखता आला असता. हीच कसोटी लावावी: शीर्षक झाकून छायाचित्र घरातल्या दोघातिघांना दाखवावे आणि त्यांना कोणता गुण दिसतो ते विचारावे.

प्रत्यक्ष फोटो काढताना फाइल सर्वांत मोठ्या आकारात साठवावी आणि मोबाइलवरचा डिजिटल झूम टाळून चार पावले पुढे जावे. क्षितिज सरळ आहे ना आणि चौकटीच्या चारही कडांवर अर्धवट फांदी किंवा विजेची तार डोकावत नाही ना, हे बटण दाबण्यापूर्वी पाहावे.

पुष्कळ मुलांचे नुकसान होते ते प्रिंट काढताना. स्पर्धेचा नेहमीचा आकार ८ × १० इंच आहे. तुमच्या पुस्तिकेत वेगळा दिला असेल तर तोच धरावा. बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांची चौकट ३:२ या प्रमाणात असते, म्हणजे ८ इंच उंचीला तिची रुंदी १२ इंच होते आणि प्रिंटमध्ये २ इंच कापले जातात. मोबाइलच्या ४:३ चौकटीतून सुमारे दोन-तृतीयांश इंच जाते. हे कापणे फोटो लॅबच्या यंत्रावर सोडल्यामुळे आमच्या एका विद्यार्थ्याच्या छायाचित्रातील होडीचे वल्हे टोकाशी छाटले गेले होते. तेव्हापासून मुले ४:५ या प्रमाणात कापणी स्वतः करूनच फाइल देतात. दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने फाइल किमान २४०० × ३००० पिक्सेलची असावी आणि ती पेनड्राइव्हवरून द्यावी; व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकुंचन पावते. मोबाइलचा पडदा स्वतः उजळ असल्यामुळे त्यावर ठीक दिसणारे छायाचित्र कागदावर काळपट उतरते, म्हणून आधी एक छोटी प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेऊन पाहावी.

संगणकावर किती फेरफार चालतात, हे विभागानुसार तपासावे. मात्र छायाचित्र घेणे, निवडणे आणि सुधारणे हे सारे विद्यार्थ्याचेच काम आहे. पालकांनी ‘जरा नीट करून देतो’ म्हणून माउस हाती घेऊ नये. मुलाने सोबतच्या फॉर्मवर खरेपणाने सही करावी, हे पदकापेक्षा मोठे आहे.

प्रिंट माउंट बोर्डावर, म्हणजे पाठीमागच्या जाड पुठ्ठ्यावर, बसवताना ओला डिंक वापरू नये, कारण कागद फुगून त्याला लाटा येतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा फोटोसाठीचा कोरडा चिकट कागद वापरावा. माहितीची चिठ्ठी आधी लिहून मगच मागे चिकटवावी, नाहीतर बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्रवासात दोन प्रवेशिकांमध्ये कोरा गुळगुळीत कागद घालून, बाहेरून दोन जाड पुठ्ठे लावून गठ्ठा सपाट बांधावा, आणि मूळ फाइल व फॉर्मची एक प्रत हातातल्या पिशवीत वेगळी ठेवावी.