छोट्या फुटबॉल क्लबसाठी प्लेअर शोधताय? मग या चुका टाळा

दर सीझन संपत आला की मला तोच फोन येतो. "दादा, आपल्याला एक चांगला स्ट्रायकर बघा ना." मी विचारतो कसला स्ट्रायकर, तर समोरून उत्तर येतं, "गोल मारणारा." इथेच अर्धं काम बिघडलेलं असतं. टीम लांब बॉल टाकून खेळणार का, क्रॉस कुठून येणार, वर जाऊन प्रेस करायचं, म्हणजे समोरच्यावर दबाव टाकायचा, की मागे बसून काउंटरवर, म्हणजे बॉल मिळताच झटक्यात हल्ल्याला, सुटायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं आणि प्लेअर मात्र उद्याच्या उद्या हवा असतो. मोठ्या क्लबची एक सही चुकली तर ते पुढच्या विंडोत (प्लेअर घेण्या-विकण्याच्या ठरलेल्या मुदतीत) दुसरा आणतात, छोट्या क्लबची चुकली की दोन-तीन वर्षं पगार भरत बसायचं आणि त्याच जागेवर दुसरा आणायला पैसे नाहीत. मी बरीच वर्षं अशा क्लबांसाठी मॅचेस बघत फिरतोय आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

क्लिप बघून सही करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका क्लबसोबत असताना एका विंगरची, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्या प्लेअरची, साडेसहा मिनिटांची क्लिप आली. डावीकडून आत घुसतो, दोघांना कापतो, लांबच्या कोपऱ्यात बॉल. असे नऊ गोल. मी त्याची मॅच बघायला गेलो तर नेमका त्या दिवशी तो बेंचवर, शेवटची बारा मिनिटं उतरला, त्यात काय कळणार. मी म्हटलं अजून दोन मॅच बघू द्या. तेवढ्यात एजंटचा फोन, अजून दोन क्लब मागे लागलेत, शुक्रवारपर्यंत सांगा. कमिटी घाबरली, आणि मीही ठामपणे नाही म्हणालो नाही, ते मला आजही टोचतं. सही झाली. वर्षाच्या बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा त्या एका पोरावर गेला.

पहिल्याच मॅचला चौथ्या मिनिटाला त्याच्या पायातून बॉल गेला आणि पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. समोरचा राइट बॅक त्याच्या शेजारून पळत वर गेला, आमचा लेफ्ट बॅक एकोणीस वर्षांचा, त्याच्या अंगावर आता दोघं. एकाला धरलं तर दुसरा मोकळा. हाफटाइमपर्यंत हे अकरा वेळा झालं, मी वहीत रेघा मारल्यात, ती वही अजून माझ्याकडे आहे. लोक ओरडत होते त्या लेफ्ट बॅकवर, आणि त्याची काही चूकच नव्हती. नंतर मी विंगरच्या जुन्या मॅचेस पूर्ण मिळवून बघितल्या तेव्हा कळलं की नऊपैकी सात गोल तीनच मॅचेसमधले, आणि सातही वेळा त्याची टीम आधीच दोन गोलांनी पुढे होती. स्कोअर बरोबरीत असताना, समोरची टीम दमलेली नसताना हा प्लेअर कुठे दिसतच नव्हता. हे शोधायला मला फक्त दोन रात्री लागल्या. त्या दोन रात्री सहीच्या आधी मिळायला हव्या होत्या, बाकी काही नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. कमीत कमी तीन पूर्ण मॅचेस, त्यातली एक बाहेरच्या मैदानावरची आणि एक अशी की ज्यात त्याची टीम हरतेय. पहिला हाफ मी बॉलकडे बघतच नाही, फक्त त्या एका प्लेअरकडे बघतो. बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो काय करतो, सहकाऱ्याने चुकीचा पास दिला तर हातवारे करतो की पळायला लागतो, बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघतो का, कोचने बाहेर काढल्यावर बेंचवर कसा जाऊन बसतो. वॉर्मअपच्या आधी पोचतो आणि जमलं तर बेंचच्या जवळ बसतो, कारण कोण कोणाशी बोलतंय ते तिथून दिसतं. हे कुठल्या पुस्तकातलं शास्त्र नाही, पण यातून मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याच क्लिपमधून कळलं नाही.

मैदानावर गेल्याचा अजून एक फायदा असतो. इंग्लंडच्या लेस्टर क्लबसाठी प्लेअर शोधणारे स्टीव्ह वॉल्श फ्रान्समधल्या ल हाव्रची मॅच बघायला गेले ते रायन मेंडेससाठी, आणि डोक्यात घेऊन आले दुसऱ्याच विंगरचं नाव, रियाद महरेझ. जानेवारी २०१४ मध्ये साधारण साडेचार लाख पौंडात तो लेस्टरला आला, त्याआधी २०१२ मध्ये जेमी वार्डी फ्लीटवूडकडून, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार लीगच्या बाहेरून, दहा लाख पौंडात आला होता, आणि २०१५-१६ ला हीच टीम प्रीमियर लीग जिंकली. मेंडेसची क्लिप मागवून बसले असते तर क्लिपमध्ये मेंडेसच दिसला असता.

डेटा घेतला की काम झालं असं वाटणं

नवीन पोरं मला विचारतात, दादा कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मी म्हणतो आधी प्रश्न काय आहे ते लिही. डेटा म्हटलं की इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबचं नाव सगळे घेतात, पण त्याचा मालक मॅथ्यू बेनहम हा बेटिंगच्या गणितातून आलेला माणूस, आकडा कधी खोटं बोलतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. २०१२ ला क्लब त्याच्याकडे आला आणि प्रीमियर लीगमध्ये पोचायला २०२१ उजाडलं. नऊ वर्षं! आणि इकडे तीन महिन्यांत रिझल्ट हवा असतो.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे चारशे मिनिटं खेळलेल्या प्लेअरचा दर नव्वद मिनिटांचा आकडा काढून त्याला यादीत वर टाकायचं. चारशे मिनिटांत दोन गोल नशिबाने गेले तरी आकडा सोन्यासारखा दिसतो. मी हजार मिनिटांच्या खालचा प्लेअर यादीत वेगळ्या रंगात ठेवतो आणि त्याच्यावर आकड्यावरून काही बोलत नाही. दुसरं, लीग कुठली ते बघा, दुबळ्या लीगमधले वीस गोल आणि जोरदार लीगमधले नऊ यांची थेट तुलना करता येत नाही. आकड्याचं काम एवढंच की दोनशे नावांतून दहा काढून द्यायची. फ्रान्सच्या काँ क्लबमधल्या मिडफिल्डर एन्गोलो कान्तेचे टॅकल आणि इंटरसेप्शनचे (समोरच्याचा पास मधेच अडवण्याचे) आकडे डोळ्यात भरण्यासारखे होते, पण तो उंचीला लहान म्हणून लेस्टरचे तेव्हाचे कोच रानिएरी यांच्या मनात शंका होती आणि वॉल्श त्यांच्या मागे लागून राहिले तेव्हा कुठे २०१५ ला लेस्टरमध्ये सही झाली. आकडा होता आणि त्यासाठी भांडणारा माणूसही होता.

पटापट काही

मुलांमध्ये फक्त उंच आणि दांडगट बघू नका. वयोगटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं नेहमी जास्त निवडली जातात कारण ती सात-आठ महिने मोठी असतात, एवढंच. जन्मतारीख यादीत लिहायची म्हणजे लिहायचीच.

हॅम्स्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूच्या) जुन्या दुखापती सहीनंतर नाही, आधी विचारायच्या.

एजंटने पाठवलेली यादी ही एजंटची गरज असते, तुमची नाही.

प्लेअर परदेशातून येत असेल तर वर्क परमिट आधी तपासा. इंग्लंडच्या ब्रायटनने २०२१ ला जपानच्या काओरू मितोमाला घेतलं पण परमिटचा प्रश्न होता, म्हणून एक सीझन बेल्जियमच्या युनियन सां-जिल्वाझला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, पाठवलं. त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणून ते वर्ष वाया गेलं नाही.

घर, भाषा, बायकोमुलं. पहिले तीन महिने क्लबच्या एका माणसाने रोज फोन केला पाहिजे. यावर कोणी खर्च करत नाही आणि मग म्हणतात प्लेअरचं मन लागलं नाही.

आणि प्लेअर विकताना सेल-ऑन क्लॉज, म्हणजे तो पुढे विकला गेला तर त्या पैशात वाटा, मागायला लाजू नका. एक्सेटरने ऑली वॉटकिन्सला ब्रेंटफर्डला विकताना तो ठेवला आणि पुढे वॉटकिन्स अॅस्टन व्हिलाला गेला तेव्हा एक्सेटरला पुन्हा पैसे मिळाले. प्लेअर एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर फीच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायची असा फिफाचा नियम आहे. पण मुलाच्या नोंदणीचे कागदच जपलेले नसले तर तो हक्क सिद्ध कसा करणार? रजिस्ट्रेशनची एक फाइल, बस.

विकल्यानंतर पर्याय शोधायला सुरुवात करणं

ही अजून एक मोठी चूक, आणि ही नवखेच नाही, चांगले मुरलेले लोकसुद्धा करतात. तुमचा सगळ्यात चांगला प्लेअर जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त मनाने मान्य करायचं नसतं. मग तो जातो, पैसे खात्यात येतात, बाजाराला कळतं की तुमच्याकडे पैसे आहेत आणि जागा रिकामी आहे, आणि प्रत्येक जण किंमत वाढवून सांगतो.

ब्रेंटफर्डने हे कसं केलं ते बघा. २०१९ ला त्यांचा स्ट्रायकर नील मोपे ब्रायटनला गेला. वॉटकिन्स २०१७ पासून क्लबमध्येच होता, बराचसा विंगवर खेळायचा, त्याला मध्ये आणलं, त्याने त्या सीझनला लीगमध्ये २५ गोल केले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तो २ कोटी ८० लाख पौंडांना व्हिलाला गेला, पण त्याच्या आधीच, ऑगस्टच्या शेवटी, पीटरबरोकडून आयव्हन टोनी येऊन बसला होता. टोनीने चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, ३१ गोल मारले आणि टीम वर प्रीमियर लीगमध्ये गेली. ब्रायटनचंही तसंच. मिडफिल्डर इव्ह बिसूमा २०२२ ला टॉटेनहॅमला गेला तेव्हा मोइसेस कैसेदो तिथे आधीच होता, २०२१ च्या फेब्रुवारीत इक्वेडोरमधून आणलेला, मध्ये बेल्जियममध्ये लोनवर खेळवलेला. मग २०२३ ला तो स्वतः चेल्सीला किमान दहा कोटी पौंडांना गेला.

उलटं उदाहरण लेस्टरचंच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात कान्ते चेल्सीला गेला आणि त्याच उन्हाळ्यात वॉल्शही एव्हर्टनला गेले, म्हणजे प्लेअरही गेला आणि प्लेअर शोधणाराही. कान्तेच्या जागी नाम्पालिस मेंडीला आणलं होतं पण तो लगेच जखमी झाला, विल्फ्रेड एन्डिडी यायला जानेवारी २०१७ उजाडला. आदल्या वर्षीचे चॅम्पियन बाराव्या नंबरवर आले. मेंडीच्या दुखापतीत कोणाचा दोष नाही, पण एका जागेसाठी एकच नाव असलं की एक घोटा मुरगळला तरी सगळा सीझन हलतो.

माझ्या वहीत म्हणून प्रत्येक पोझिशनला तीन नावं असतात. एक आजच्या आज परवडणारं, एक वर्षभराने तयार होणारं, एक आपल्याच रिझर्व टीममधलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसतो आणि खोडाखोड करतो, कोणाचा कॉन्ट्रॅक्ट संपतोय, कोण बेंचवर गेला, कोणाला दुखापत. दोन तास लागतात. क्लबला मी सांगून ठेवलंय की विंडो बंद व्हायच्या शेवटच्या दोन दिवसांत माझ्याकडे नवीन नाव मागायचं नाही. वहीतल्या तिघांपैकी कोणी मिळत असेल तर घ्या, नाहीतर जानेवारीपर्यंत रिझर्वमधल्या पोराला खेळवा, तो निदान तुमची ड्रिल ओळखतो.